कोथिंबिरीच्या दोन जुड्या

शनिवारची दुपार. लॅपटॉपवर लाल अक्षरांचा खच पडला होता. बाबा चहाचा कप घेऊन पाठीमागे आले, चष्मा वर सरकवून त्यांनी पहिली ओळ वाचली, ‘लेझी इनिशिअलायझेशन एक्सेप्शन’.

“अरे वा, यंत्रालाही कळलं तर,” म्हणाले आणि निघून गेले.

आळशी मी नाही, जावा प्रोग्रामला डेटाबेसमधली माहिती आणून देणारं हायबरनेट आहे, हे त्यांना कोण पटवणार? नावच मुळी शीतनिद्रेचं! 2001 साली गॅव्हिन किंग यांनी ते सुरू केलं, एंटिटी बीन्स नावाच्या जावातल्या जुन्या पद्धतीच्या जाचातून प्रोग्रामरांची सुटका व्हावी म्हणून. झाली असेल कुणाची तरी. स्प्रिंग या जावाच्या चौकटीवर बांधलेल्या आमच्या जुन्या प्रोजेक्टात हाताने लिहिलेलं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, काढून हे बसवायचं माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा सर म्हणाले होते, “दोन अ‍ॅनोटेशन तर टाकायचीत.”

जार फायलींच्या, म्हणजे जावाच्या तयार कोडाच्या गाठोड्यांच्या, भाऊबंदकीत दोन दिवस गेले. ते जाऊ दे.

खरा घोळ पुढेच. ग्राहक मागितला की हायबरनेट ग्राहक देतं, त्याच्या ऑर्डरी मात्र देत नाही. त्यांच्या जागी लाँड्रीवाल्यासारखी पावती देतं. लागतील तेव्हा या, मिळतील. सर्व्हिसमधलं ट्रॅन्झॅक्शन संपलं की सेशन, म्हणजे हायबरनेटचं डेटाबेसशी चाललेलं बोलणं, बंद. शटर खाली. आणि आमचं जेएसपी पान, ब्राउझरात दिसायचं ते, नेमकं त्यानंतर पावती फडकावत पोचतं. ‘नो सेशन.’

चिडून ‘लेझी’ खोडलं, ‘ईगर’ लिहिलं. आता एक सदरा मागायला जावं, तर ग्राहकाबरोबर ऑर्डरी, ऑर्डरींबरोबर वस्तू, वस्तूंबरोबर पुरवठादार; अख्खं कपाट टेम्पोत घालून दारात हजर. पान उघडेपर्यंत माझा चहा पिऊन झाला. कपही विसळला.

मग ओपन सेशन इन व्ह्यूचा फिल्टर लावला. पान पुरतं तयार होईपर्यंत शटर उघडंच ठेवायचं. लाल अक्षरं गेली! ऐटीत लॉग पाहिला. 200 ग्राहकांच्या यादीसाठी 201 क्वेरी. एक यादीची, पुढे प्रत्येक ग्राहकाच्या ऑर्डरींसाठी एकेक फेरी.

“लिंबं आण रे,” आतून आई. आणली. “आलं संपलंय.” आणलं. चपला काढतोय तोच, “मिरच्या?” डेटाबेसची मला पहिल्यांदाच दया आली.

“आई, सगळं एकदाच सांग ना!”

“एकदम कसं आठवेल? लागेल तसं सांगते.”

हायबरनेटला एवढ्या थोडक्यात मांडणारं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

शेवटी ‘जॉइन फेच’ लिहिलं. एकाच क्वेरीत सगळं, पान झटक्यात उघडलं. फक्त सात ऑर्डरी असलेला ग्राहक यादीत सात वेळा बसला होता. जॉइनमध्ये ऑर्डरीगणिक एक ओळ येते. हायबरनेट 6 असले जुळे आपणहून गाळतं, आमचं 5. जुळे गाळणारं ‘डिस्टिंक्ट’ टाइप करायला घेतलं आणि पुन्हा हाक. या वेळी आईने कागदावर यादी केली होती. यादीत कोथिंबीर होती. घेऊन आलो, तर बाबाही फिरून येताना जुडी घेऊन आलेले.

आईने दोन्ही जुड्या उलटसुलट करून पाहिल्या आणि एक माझ्या हातात दिली.

“शेजारच्या काकूंना देऊन ये. आणि येताना मिठाची पिशवी.”