तोफेची नळी नीट वळायला हवी असेल तर

भविष्यातल्या रणगाड्याचं कागदी मॉडेल कसं बनवायचं या लेखात त्याचे सगळे भाग 80 जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्स कागदावर छापायला सांगितलंय. 28 मिमी उंचीच्या छोट्या सैनिकांच्या, टेबलावरच्या युद्धखेळात, सतत हाताळणी होत असताना, त्याच्या कडा लगेच दबतील. सांगाड्याला 200 ते 220 जीएसएमची कार्डशीट घ्या, नळीला 120 पुरे. नळीची लांबी कागदाच्या तंतूंना समांतर हवी, नाहीतर गुंडाळताना कागद मोडतो आणि नळी गोल न होता कोनाकोनांची दिसते. दिशा कळायला कागद उभा-आडवा हलकेच वाकवून बघा. सहज वाकतो तिथे वळणाची रेघ तंतूंना समांतर असते. मग विणायच्या सुईवर गुंडाळा.

छापताना 'फिट टू पेज' बंद, स्केल 100 टक्के. 15 मिमीच्या सैनिकांसाठी साधारण 54 टक्के. इंकजेटची शाई फेविकॉलच्या ओलाव्याने पसरते, म्हणून कापण्याआधीच मॅट अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात द्या. घड्या रिकाम्या बॉलपेनने दाबून आखा.

आणि कापलेल्या पांढऱ्या कडा चिकटवण्यापूर्वीच करड्या स्केचपेनने रंगवा! लेखात हे आलंच नाही, पण मॉडेल लांबूनही कागदी वाटतं ते या कडांमुळेच.