आफ्टरबर्नर काढून टाकला की इंधन वाचतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की आफ्टरबर्नर (जेट इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेत पुन्हा इंधन जाळून जोर वाढवणारा मागचा भाग) ही निव्वळ इंधनाची नासाडी आहे, इंधन तर तसंही बहुतेक जळतंच, मग सुधारणार काय, सरळ काढून टाका.

नासाडी होते हे खरंय. तेजस लढाऊ विमानाचं एफ-४०४ इंजिन घ्या, आफ्टरबर्नर लावला की थ्रस्ट (विमान पुढे ढकलणारा जोर) साधारण दीडपट होतो पण इंधन तिपटीच्या वर जातं. कारण टर्बाइनने (गरम हवेच्या झोताने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाने) आधीच बराचसा दाब खाल्लेला असतो आणि कमी दाबाच्या हवेत इंधन कितीही नीट जाळा, त्या उष्णतेतून काम कमीच निघतं.

पण तुम्ही बघताय दर मिनिटाचा खर्च, मी बघतोय अख्ख्या उड्डाणाचा. कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान आफ्टरबर्नरशिवायसुद्धा मॅक २ (आवाजाच्या दुप्पट वेग) गाठू शकत होतं, तरी ०.९५ ते १.७ मॅकच्या पट्ट्यात तो चालू ठेवायचे, कारण तिथे ड्रॅग (हवेचा विरोध) प्रचंड असतो आणि त्यात रेंगाळत वेग वाढवला तर एकूण इंधन जास्तच जायचं, म्हणून जोर लावून पटकन बाहेर पडायचं, मग बंद, पुढचा सगळा अटलांटिक त्याच्याशिवाय. उलट सोव्हिएत रशियाच्या टीयू-१४४ या तशाच प्रवासी विमानाच्या सुरुवातीच्या इंजिनांना तो सुपरसॉनिक (आवाजापेक्षा जास्त) वेगात सतत चालू ठेवावा लागायचा, त्यात पल्ला मार खायचा, आणि पुढे डी मॉडेलला आफ्टरबर्नर नसलेली इंजिनं बसवली तेव्हा पल्ला वाढला. म्हणजे "काढून टाका" हे टीयू-१४४ ला लागू पडलं, पण कॉन्कॉर्डला तोच थोडा वेळ वापरणं स्वस्त पडलं. एसआर-७१ हे अमेरिकेचं टेहळणी विमान तर मॅक ३ च्या वर तो चालू ठेवूनच उडायचं, त्या वेगात इनटेकच (हवा आत घेणारं तोंड) हवा इतकी दाबून देतं की मागे जाळलेलं इंधनही चांगलं काम देतं, शिवाय कंप्रेसरच्या (इंजिनातल्या हवा दाबणाऱ्या भागाच्या) चौथ्या स्टेजमधून सहा पाइपांनी हवा थेट मागे नेलेली, मला हे डिझाइन फार आवडतं.

आणि "सुधारणार काय" म्हणाल तर बंद असतानाचा तोटा बघा ना! ज्योत टिकावी म्हणून प्रवाहात व्ही आकाराचे फ्लेमहोल्डर उभे असतात, ते आफ्टरबर्नर बंद असला तरी तिथेच असतात आणि हवेला अडवतात, म्हणजे ड्राय (आफ्टरबर्नर बंद ठेवून) उड्डाणात, जिथे विमानाचा बहुतेक वेळ जातो, तिथेही थोडं जास्तीचं इंधन जातच राहतं. अमेरिकेच्या एफ-२२ लढाऊ विमानाच्या एफ-११९ इंजिनात इंधन सोडायची सोय टर्बाइनमागच्या जाड पात्यांमध्येच बसवलीय, तिथे वेगळा अडथळाच उभा करावा लागत नाही. मी सुधारणा म्हणतोय ती ही.