मुख्य याजकाच्या पायाला दोरी बांधत नसत

“परमपवित्रस्थानात जाणाऱ्या मुख्य याजकाच्या पायाला दोरी बांधलेली असे. तो आत वावरत असेपर्यंत झग्याची घुंगरे वाजत. आवाज थांबला की देवाने त्याला मारले असे समजून बाहेरचे लोक दोरी ओढून प्रेत काढत, कारण दुसऱ्या कोणाला आत जायची मुभाच नव्हती.” परमपवित्रस्थान म्हणजे प्राचीन यहुदी उपासनास्थानाचा सर्वांत आतला कक्ष; मुख्य याजक तिथे प्रायश्चित्ताच्या दिवशी जाई. त्या दिवसाबद्दलचा हा मजकूर प्रवचनांत, संडे स्कूलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर इतका फिरतो की तो शास्त्रातच (बायबलमध्येच) आहे असे पुष्कळजण धरून चालतात. तो शास्त्रात कुठेही नाही, आणि त्यातले बहुतेक तपशील शास्त्राच्या उलट आहेत.

घुंगरांपासून सुरुवात करू. निर्गम २८ मध्ये एफोदाच्या (मुख्य याजकाच्या खास वस्त्राच्या) निळ्या झग्याच्या घेराला सोन्याची घुंगरे आणि मधेमधे सुताची डाळिंबे लावायला सांगितली आहेत. पवित्रस्थानात जाता-येता त्यांचा आवाज ऐकू यावा, म्हणजे याजक मरणार नाही, असेही तिथे म्हटले आहे. दंतकथेला धागा मिळाला तो इथे. पण हा झगा एरवीच्या सेवेचा. वर्षातून एकदा अंतरपटाच्या (परमपवित्रस्थानापुढच्या पडद्याच्या) आत जाताना काय घालायचे ते लेवीय १६:४ स्पष्ट सांगते: सणाचा (म्हणजे लिनन कापडाचा) अंगरखा, सणाचे चोळणे, सणाचा कमरबंद, सणाचे मंदील. एवढेच. ऊरपट नाही, एफोद नाही, झगा नाही, म्हणजे घुंगरेही नाहीत. ज्या दिवसासाठी ही गोष्ट रचली, नेमक्या त्याच वेळी वाजण्यासारखे त्याच्या अंगावर काहीच नसे.

दोरीचे तसेच. ऊरपट बांधायच्या निळ्या फितीचीही नोंद ठेवणाऱ्या निर्गमात दोरी नाही. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहाचा ‘योमा’ हा भाग तर संपूर्ण याच दिवसाचा आहे. सात दिवस आधी मुख्य याजकाला घरापासून वेगळे ठेवणे, ऐनवेळी तो अशुद्ध झाला तर दुसरा याजक तयार ठेवणे, दिवसभरातली पाच स्नाने, दहा वेळा हातपाय धुणे, हे सगळे त्यात आहे. दोरी नाही.

आणि ती धरणार कोण? लेवीय १६:१७ नुसार तो आत असताना संपूर्ण दर्शनमंडपात दुसरे कोणीही असायचे नाही. हाच निवासमंडप, म्हणजे तंबूचे उपासनास्थान, ३० हात लांब. त्यातले पुढचे २० हात पवित्रस्थान, मागचे १० हात परमपवित्रस्थान. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला, तर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत साडेतेरा मीटर होतात. एवढी दोरी धूपवेदीला वळसा घालून, अंतरपटाच्या चार खांबांमधून ओढायची. तीही एकदा नव्हे: आधी धूप, मग गोऱ्ह्याचे रक्त, मग बकऱ्याचे रक्त, अशा किमान तीन खेपा लेवीय १६ मध्येच आहेत. मिश्ना चौथी सांगते, धुपाटणे परत आणण्याची. यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिरात तर मिश्नाच्या वर्णनाप्रमाणे एक हात अंतरावर दोन पडदे होते (रब्बी योसे यांच्या मते एकच). बाहेरचा दक्षिणेकडून उघडा, आतला उत्तरेकडून. त्या नागमोडी वाटेने प्रेत ओढून काढता आले नसते.

“दुसऱ्या कोणाला आत जायची मुभाच नव्हती” हेही खरे नाही. गणना ४ पाहा. तळ हलवायच्या वेळी पहिला मुख्य याजक अहरोन व त्याचे पुत्र आत जात, अंतरपट उतरवत आणि त्यानेच कोश (कराराची पवित्र पेटी) झाकत. त्यावर कातड्याचे आच्छादन, त्यावर निळे कापड, मग दांडे. हे पुरे झाल्यावरच लेवी वंशातले कहाथी घराणे उचलायला येई. मंदिराच्या काळासाठी तालमूदचा (मिश्नावरील विवेचनग्रंथाचा) नियम असा की बांधकाम, दुरुस्ती किंवा आतली अशुद्धता बाहेर काढणे यासाठी याजकांनी जावे, ते नसतील तर लेवींनी, तेही नसतील तर इतर इस्राएलींनी. प्रेत ही तर अशुद्धतेची परिसीमा. परमपवित्रस्थानाच्या दुरुस्तीसाठी कारागिरांना वरच्या मजल्यावरून पेट्यांत बसवून खाली सोडत, अशीही मिश्नात नोंद आहे.

आत मृत्यू झाल्यावर काय करत, याचे नमुनेही आहेत. अहरोनाचे पुत्र नादाब व अबीहू परमेश्वरासमोर मेले तेव्हा मोशेने मीशाएल व एलसाफान यांना बोलावले, आणि त्यांनी अंगरख्यांसकट प्रेते उचलून छावणीबाहेर नेली. तालमूदमध्ये सदूकी या यहुदी पंथाच्या एका मुख्य याजकाला देवदूताने आत पाडल्याची कथा आहे. तिथेही त्याचे याजक बांधव आत गेले.

मग दोरी आली कुठून? तिचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख जोहार या यहुदी गूढवादी ग्रंथातला, आणि तो ग्रंथ प्रकाशात आला १३ व्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमध्ये. मंदिर पडले इ.स. ७० मध्ये, म्हणजे मधे बाराशे वर्षे गेली. निवासमंडप तर त्याहून कितीतरी जुना.

आत जाण्यात धोका होता, हे लेवीय १६ लपवत नाही. पण त्यावरचा उपाय तिथेच दिला आहे: मूठमूठ भरून बारीक कुटलेला धूप, ज्याचा ढग दयासन (कोशाचे झाकण) झाकील. दोरीच्या गोष्टीमुळे सगळे लक्ष याजक जगतो की मरतो याकडे जाते. अध्यायाचा विषय मात्र वेगळा आहे. लोकांच्या अशुद्धतेच्या मध्येच उभा असलेला मंडप त्यांच्या पापांमुळे विटाळतो, म्हणून वर्षातून एकदा आतून बाहेरपर्यंत त्याची शुद्धी करायची: प्रथम दयासन, मग मंडप, मग वेदी, आणि शेवटी लोकांचे अपराध डोक्यावर घेऊन दुसरा बकरा रानात. कोकणातले बेने इस्राएल ज्यू ज्याला दारफाळणीचा सण म्हणत आले, तो हाच दिवस.