हिरो कामाला जातो का? (माझा सहामाही निकाल)

जानेवारी ते जून २०२५ या सहा महिन्यांत थिएटरात जाऊन पाहिलेल्या सिनेमांपैकी कुठले आवडले, असं बऱ्याच जणांनी विचारलं. दोन ओळींत सांगता आलं असतं, पण रविवार आहे, बाहेर धो धो पाऊस आहे आणि हार्बर लाइनवर मेगाब्लॉक आहे. कुठे जायचं नाहीये. तेव्हा सविस्तर लिहिते.

आधी माझी कसोटी सांगते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये वाद नको. पडद्यावरचा माणूस पोट कसं भरतो, ते मला दिसलं पाहिजे. आपल्या सिनेमात हिरोचा ‘बिझनेस’ असतो, म्हणजे काचेच्या केबिनमध्ये तो एका फायलीवर सही करतो. हिरॉईन आर्किटेक्ट असते, म्हणजे तिच्या काखेत कागदाची गुंडाळी असते. महिनाअखेर कुणालाच येत नाही. मी नोकरी करणारी बाई. प्रेमात पडून सिमल्याला निघालेला माणूस बघितला की याने रजेचा अर्ज कधी टाकला, हाच विचार माझ्या डोक्यात येतो. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे ऑडिटला बसणं. म्हणून मी बहुतेक वेळा एकटीच जाते, आणि खरं सांगायचं तर एकटीने जाण्यात जे सुख आहे ते कुणाबरोबर जाण्यात नाही.

तर पहिला नंबर ‘स्थळ’. जयंत दिगंबर सोमलकर यांचा, ७ मार्चला लागला. त्याला २०२३ सालीच टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक (आशियाई सिनेमासाठीचा) पुरस्कार मिळाला होता, आपल्या गावात यायला मात्र दीड वर्ष गेलं. चंद्रपूरकडचं खेडं, कापसाची शेती, लग्नाच्या वयाची मुलगी सविता आणि तिला बघायला येणारे पाहुणे. एवढीच गोष्ट. सुरुवात उलट्या कांदेपोह्यांनी होते. मुलगा मधे बसलाय, समोर बायका आहेत आणि त्या त्याला प्रश्न विचारतायत. थिएटरात हशा पिकला. मग खरा कार्यक्रम सुरू होतो आणि तेच प्रश्न सविताला. नाव काय, उंची किती, शिक्षण किती. पुढच्या वेळी पाहुणे वेगळे, प्रश्न तेच. तिसऱ्या वेळेला हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या काकूंनी तर पडद्यावरच्या प्रश्नाआधीच पुढचा प्रश्न पुटपुटला. पाठ असणार.

नंदिनी चिकटेने सविता केलीय. तिच्यासकट यातली बहुतेक मंडळी कसलेले नट नाहीत, आणि म्हणूनच कुणी ‘ग्रामीण’ बोलत नाही, आपलं आपलं बोलतं. पण मला धरून ठेवलं ते कापसाने. बापाच्या डोक्यात दोनच आकडे आहेत, कापसाला भाव काय मिळणार आणि हुंडा किती लागणार. पहिला दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. घरी आल्यावर मी मुद्दाम शोधलं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. मग हिशेब मांडून बघितला, की किती क्विंटल पिकवले की एका मुलीला ‘पसंत आहे’ मिळतं. मांडू नका, झोप लागत नाही. लग्न हा सिनेमात नेहमी भावनेचा मामला असतो, इथे तो शेतीच्या वहीत लिहिलेला आहे. बाईच्या दुःखावर सिनेमे ढीगभर निघतात, पण त्या दुःखाचा जमाखर्च कुणी मांडून दाखवत नाही. सोमलकरांनी मांडला.

आता शोबद्दल. मला हा सिनेमा बघायला अर्धा दिवस रजा टाकावी लागली, कारण आमच्या बाजूच्या मल्टिप्लेक्सने त्याला आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी सव्वाअकराचा शो दिला होता. कष्ट करणाऱ्या माणसांविषयीचा सिनेमा आणि तो नोकरी नसलेल्यांनाच बघता यावा, ही सोय कोणाच्या डोक्यातून येते? काउंटरवरच्या मुलाला विचारलं, संध्याकाळचा का नाही? तो म्हणाला, “मॅडम, पब्लिक येत नाही.” अहो, पब्लिक सव्वाअकराला बॉसच्या समोर उभं असतं, कसं येणार? २०१५ साली सरकारने मराठी सिनेमाला प्राइम टाइम देण्याचा आदेश काढला, त्यावर गदारोळ झाला आणि मग त्या ‘प्राइम टाइम’ची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. दुपारी बारा हा कुणाचा प्राइम टाइम असतो, मला अजून कळलेलं नाही. त्यात १४ फेब्रुवारीला ‘छावा’ लागला आणि पुढे कितीतरी आठवडे बहुतेक पडदे त्याचेच होते. गर्दी खरी होती, लोक लेकराबाळांना घेऊन येत होते, शेवटाला हुंदके ऐकू येत होते, ते मी नाकारत नाही. सिनेमा म्हणून मला तो फार मोठ्या आवाजाचा वाटला. आवडत्यांत नाही. पुढे.

कापसावरून आठवलं, आणि हे मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. ‘स्थळ’नंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, १८ एप्रिलला, रायन कूगलरचा ‘सिनर्स’ लागला. लोक त्याच्याकडे रक्तपिपासूंचा सिनेमा म्हणून गेले. मीही भाचीच्या हट्टाखातर गेले, भुताखेतांचं मला वावडं आहे. आणि बघते तो पडद्यावर परत कापूस! १९३२ सालचं मिसिसिपी. दोन जुळे भाऊ, दोन्ही मायकेल बी. जॉर्डननेच केलेत. त्यांना एका दिवसात, त्याच रात्रीपासून, नाचगाण्याचा अड्डा सुरू करायचाय. सिनेमाचा जवळजवळ अर्धा भाग या तयारीत जातो. जागा घे, पाटी रंगवायला सांग, मासे तळायला माणूस बघ, दारावर उभा राहायला कापसाच्या शेतातून एक दणकट गडी उचल, पियानोवाल्याला पटव. मला तर वाटलं, हे असंच चालू दे, भुतं नाही आली तरी चालेल.

आणि मग तो गल्ल्यापाशी उडालेला खटका. रात्री गिऱ्हाईक येतं, खातं-पितं आणि पैशांच्या जागी मळ्याचं टोकन पुढे करतं. मजुरांना मजुरी अशीच मिळायची, मळ्याच्या दुकानाबाहेर त्याला किंमत शून्य. एक भाऊ म्हणतो, हे चालणार नाही, धंदा बुडेल. बाकीचे म्हणतात, यांच्याकडे दुसरं आहेच काय? त्या अड्ड्याचं भवितव्य मला तिथेच कळलं, रक्तपिपासू दारात यायच्या कितीतरी आधी. भाची म्हणाली, “मावशी, तू चुकीच्या ठिकाणी घाबरलीस.” असेल.

‘आता थांबायचं नाय!’ १ मेला लागला. तो मी दादरला प्लाझात आईला घेऊन बघितला. मराठी सिनेमा प्लाझात बघायचा, ही आमच्या घरातली शिस्त आहे, तिला कारण विचारायचं नसतं. शिवराज वायचळचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच सिनेमा. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार, पन्नाशीकडे झुकलेले, एका साहेबाच्या आग्रहाखातर रात्रशाळेत नाव घालतात आणि दहावीला बसतात. खरी घडलेली गोष्ट आहे. साहेब आशुतोष गोवारीकर. कामगारांत भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव. दोघांनाही इतकं शांत बसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

रात्रशाळा म्हणजे गिरणगावची जुनी गोष्ट. पाळी संपवून, हातपाय धुऊन वर्गात बसणाऱ्यांच्या पिढ्या इथे होऊन गेल्या, त्यातले काही वकील झाले, काही पुढारी झाले, बहुतेक जण नुसते दहावी झाले आणि तेवढ्यावर घर उभं केलं. त्या वर्गाचा वास या सिनेमात बरोबर आलाय. लहान पोरांसाठी बनवलेल्या बाकात मोठा माणूस गुडघे दुमडून शिरतो, आणि हात दिवसभराच्या कामाने इतके आखडलेले असतात की पेन्सिल धरवत नाही. दिवसभर जी माणसं घाणीत उतरून शहर चालतं ठेवतात, ती बीजगणिताला घाबरतात. आमच्या मागच्या रांगेत पालिकेतलाच ग्रुप आला होता, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं. हजेरीचा प्रसंग आला की एक जण मोठ्याने म्हणायचा, “आपला मुकादम बघ!” आणि अख्खी रांग हलायची. शेवटाकडे मात्र त्यांचा आवाज बंद झाला होता.

सगळंच छान आहे असं नाही. भाषणं जास्त आहेत, आणि जिथे नट नुसता बघत राहिला असता तर काम झालं असतं, तिथे पार्श्वसंगीत येऊन डोळे पुसायला रुमाल देतं. साहेब इतका चांगला आहे की मला जरा संशयच आला. महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं. त्या महापालिकेत खालच्या माणसाला दहावी व्हायला एका भल्या साहेबाच्या वैयक्तिक चिकाटीवर अवलंबून राहावं लागतं, यावर सिनेमा राग धरत नाही. धरायला हवा होता, असं माझं मत. आई सातवीनंतर शाळेत गेलेली नाही. बाहेर आल्यावर तिने सिनेमाबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त विचारलं, “ते बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात, तो कुठे मिळतो गं?” मी थक्क. आता घरात दहावीचं मराठीचं पुस्तक आलंय, गणिताचं अजून आणू देत नाहीये.

१७ जानेवारीला ‘सत्या’ पुन्हा लागला होता. १९९८ चा सिनेमा, तेव्हा मी टीव्हीवर कापाकापी करून दाखवलेला बघितला होता. मोठ्या पडद्यावर कळतं की तो गँगस्टरांचा कमी आणि नोकरदारांचा जास्त आहे. सत्या मुंबईत उतरतो तेव्हा तबेल्यात राहतो, बारमध्ये वेटरचं काम करतो. टोळीतला कल्लूमामा तर सरळ सरळ हेडक्लार्क आहे. भिकू म्हात्रे माणसं मारून घरी येतो आणि बायकोच्या शिव्या खातो, आपल्याकडचे लोक साहेबाचा राग घेऊन येतात तसा. समुद्राकडे तोंड करून तो आरोळी ठोकतो तेव्हा अख्ख्या थिएटराने त्याच्यासोबत ठोकली. पण अंगावर काटा आला तो दुसऱ्याच ठिकाणी. सत्या आणि त्याची प्रेयसी विद्या सिनेमा बघायला जातात, पोलीस दारं बंद करून घेतात, गोळी सुटते आणि चेंगराचेंगरी होते. मी चक्क मान वळवून आमच्या हॉलची दारं कुठेकुठे आहेत ते बघितलं. आजूबाजूला चार-पाच माना वळलेल्या दिसल्या.

‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ (रीमा कागती, २८ फेब्रुवारी) लोकांनी का नाही बघितला, मला सांगा. यंत्रमागाच्या खडखडाटात राहणारी पोरं, व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर, वेगवेगळ्या सिनेमांचे तुकडे जोडून नवीन मजा तयार करणारा. पुढे ही पोरं स्वतःचाच सिनेमा काढतात. पैसा कुठून येतो, कोण कोणावर रुसतो, पाटीवर नाव कोणाचं, सगळं त्यात आहे. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंग आणि शशांक अरोरा, तिघेही एक नंबर. दुसऱ्या आठवड्यात बघू म्हटलेल्यांना तो सापडलाच नाही.

कसोटी मोडून आवडलेला एकच, ‘जारण’, ६ जूनचा. हृषीकेश गुप्ते आधी भयकथा लिहायचे, त्यामुळे कुठे गप्प बसायचं ते त्यांना माहीत आहे. करणी की मनाचा आजार, हा झोका शेवटपर्यंत हलत राहतो. अमृता सुभाष एका क्षणी कीव आणणारी आणि दुसऱ्या क्षणी भीती घालणारी. अनिता दातेचा चेहरा मी अजून पुसू शकलेले नाही. इथे कोण कुठे नोकरी करतो, हे मी विचारलं नाही. ‘सितारे जमीन पर’ काठावर पास, तोही त्यातल्या दहा बौद्धिक दिव्यांग खेळाडूंमुळे.

आणि एक बघायलाच न मिळालेला, हिंदीतला ‘संतोष’. नवरा ड्यूटीवर मरतो आणि बायकोला त्याच्या जागी पोलीस शिपायाची नोकरी मिळते. अनुकंपा नियुक्ती! आपल्या अर्ध्या सरकारी कचेऱ्या ज्या विषयावर कादंबरी सांगतील, त्यावर सिनेमा निघाला, कान महोत्सवात गेला, ब्रिटनने ऑस्करला पाठवला, आणि मार्चमध्ये आपल्या सेन्सॉरने इतके कट सुचवले की सिनेमावाल्यांना ते मान्य करता आले नाहीत. ज्या भाषेत आणि ज्या देशाबद्दल आहे, तिथेच लागला नाही.

पुढच्या सहामाहीत माझी नजर ‘साबर बोंडं’वर आहे. रोहन कानवडेंचा. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेऊन आलाय, मुंबईत राहणारा मुलगा वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, अशी गोष्ट आहे. इथे कधी लागतोय कुणाला कळलं तर मला टॅग करा. सव्वाअकराचा शो असला तरी चालेल, माझ्या सात किरकोळ रजा अजून शिल्लक आहेत.