सपाट ठसा उठला म्हणून धावणं का थांबवायचं?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पाय ओला करून लादीवर ठेवा. तळवा पूर्ण उठला तर धावताना तुमचं पाऊल आत कलतं, म्हणजे ओव्हरप्रोनेशन. मग मोशन कंट्रोल शूजशिवाय, म्हणजे पावलाचं आत कलणं रोखणाऱ्या शूजशिवाय, धावू नका, गुडघे कायमचे जातील. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, तर मुळीच नको. माझ्या भाचीचा ठसा सपाट आला आणि रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवरचा तिचा पहाटेचा सराव ताईने बंद केला. 800 मीटरची चाचणी तोंडावर, आणि घरात चर्चा कसली, तर महागडे शूज कुठल्या पैशांतून आणायचे!

उभ्या पायाचा ठसा कमानीचा थोडाफार अंदाज देतो. धावताना पाऊल किती नि कसं कलतं, ते त्यात दिसत नाही. शिवाय थोडं आत कलणं हा दोष नव्हेच, धक्का पचवायची ती पावलाची रीत आहे. अमेरिकी सैन्याने नव्या रंगरुटांना पावलाचा आकार बघून शूज वाटून पाहिले. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

पण मला खरा राग आहे तो 'गुडघे कायमचे जातील' या वाक्याचा. काही दुखत नसलेली मुलगी त्याने घरी बसली. डेन्मार्कमध्ये 927 नवख्या धावणाऱ्यांची पावलं आधी तपासली, मग सगळ्यांना एकाच प्रकारचे साधे न्यूट्रल शूज दिले आणि वर्षभर नोंदी ठेवल्या. 2014 साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये निष्कर्ष आला: आत कलणाऱ्या पावलांना दुखापतीचा धोका जास्त नाही. दर 1000 किलोमीटरमागे त्यांच्या दुखापती सरळ पावलांपेक्षा कमीच भरल्या. मोशन कंट्रोल नसलेल्या ज्या शूजची भीती मेसेजवाला घालतो, तसलेच शूज घालून! अगदी टोकाची कलणारी पावलं त्यात मोजकीच होती, हे खरं. पण मेसेज सपाट ठसा उठलेल्या प्रत्येकालाच घाबरवतो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. 2016 साली लक्झेंबर्गच्या 372 धावणाऱ्यांच्या अभ्यासात आत कलणाऱ्या पावलांना मोशन कंट्रोल शूजचा फायदा दिसला. आतल्या बाजूला घट्ट फोम आणि टाचेला कडक आधार असतो, तो काहींना मानवतो. परवडत असतील, पायाला बरे वाटत असतील तर घालावेत. ते मिळेपर्यंत धावणंच बंद करा, असं त्या अभ्यासात कुठेही नाही. दुखणं एकाच जागी टिकून राहिलं तर डॉक्टरांकडे जावं, लादीवर ठसे काढत बसू नये.

राहिली पुळण. ती पाण्याकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने धावलं की एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. ओहोटीला उघडी पडणारी घट्ट, सपाट वाळू धरावी आणि जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत यावं. भुसभुशीत वाळूत वेगाचा सराव नको, पोटऱ्या भरून येतात.