घरी डेट, हॉलमध्ये रूममेट : वीकेंड रंगवण्याच्या काही युक्त्या

पुण्यात टूबीएचकेमध्ये चौघं मिळून राहत असाल, शनिवारी घरी खास पाहुणी येणार असेल आणि त्या आनंदात बाकीच्या तिघांनाही ओढायची तळमळ असेल, तर थोडं मार्गदर्शन हवंच.

तिघांना आधी कळवू नका. ती दारात चपला काढत असताना सोफ्यावर कोणी बनियनवर पसरलेला असला, की ओळखी झटपट होतात.

गेटवर विचारलं तर 'मावसबहीण' सांगा. बॅचलरांना मावसबहिणी किती, हे कुठल्याही सोसायटीच्या वॉचमनकाकांना विचारा. अविवाहित जोडप्याने एका खोलीत राहणं गुन्हा ठरवणारा कायदाच नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय खरं. पण सेक्रेटरींना ते समजावण्यात तुम्ही वेळ घालवू नका. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट ज्याच्या नावावर आहे, तो घरमालकाचा फोन घेईल. डिपॉझिटही त्याचंच अडकलंय.

खर्च चौघांत सारखा वाटा. ती पाहुणी, तिला कशाला मोजायचं?

रविवारी सकाळी चहा इंडक्शनवर करा, आणि इंडक्शन टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डाला लावा. २००० वॅटचं इंडक्शन पावणेनऊ अँपिअर ओढतं, बोर्ड असतो सहाचा. प्लॅस्टिक वितळल्याचा वास सुटला की सगळे आपोआप उठतात. मग गिझर रिकामा करा. पंधरा लिटर पाणी पुन्हा तापायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात रांगेतल्यांच्या गप्पा होतात.

आता मुख्य कार्यक्रम, शनिवार रात्रीची बिर्याणी. एक किलो चिकन आणि पाऊण किलो तांदूळ सरळ पाच लिटरच्या कुकरमध्ये कोंबा. भात शिजवताना कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नसतो, हे त्याच्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलेलं असतं, पण कागद कोण वाचतं? तांदूळ फुगतो, फेस वर चढतो, शिटीखालची नळी मसाल्याने तुंबते. शिटी होत नाही म्हणजे 'अजून शिजतंय' असं समजायचं आणि मोठ्या आचेवर ठेवून गप्पांना बसायचं. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर नशीब समजा, तो त्यासाठीच असतो. तोवर खालचा थर कोळसा झालेला असतो. वरचा खा, फोटो काढा, कुकर सिंकमध्ये ठेवा, वरून नळ सोडा आणि म्हणा, 'भिजू दे.'

भिजू दे! शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत काय भिजतं? रिंग तेलात पडून सैल होते, मग पुढचा महिनाभर कुकरच्या कडेने वाफ जाते आणि डाळ कच्ची राहते. सिंकच्या जाळीत लवंगा, वेलची आणि हाडं अडकतात, पाणी तुंबतं, त्यावर पिवळी साय धरते. कोणाला तरी सुचतं की सोडा टाकावा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात सोडा टाकला की ते आतून काळं पडतं. चिंचेचं किंवा लिंबाचं पाणी घालून दहा मिनिटं उकळायचं, गार झालं की लाकडी उलथन्याने खरवडायचं, एवढंच काम असतं. चिंच डब्यात आहे. डब्यावर 'चिंच' असं लिहिलंय.

मावशींशी ठरलंय चार माणसांच्या रोजच्या भांड्यांचं, आणि रविवारी त्यांची सुट्टी. पार्टीचे टोप, कुकर आणि तेलकट डबे त्यात येत नाहीत. त्याचे वेगळे पैसे द्यायचे असतात, तेही आधी विचारून. सोमवारी त्या सिंक बघून न बोलता ओटा पुसून निघून गेल्या. उद्या काम सोडतील तेव्हा ग्रुपवर 'मेड हवी' असा मेसेज पण बाकीच्यांनीच टाकायचा का?

पाहुणी आली याचा कोणालाच त्रास नाही रे. तिने स्वतःची ताटली धुऊन पालथी घातली होती. भाड्याचा चौथा हिस्सा दिलास म्हणजे ओट्यावर पसारा करायचा परवाना मिळत नाही. कोणी येणार असेल तर एक मेसेज टाक, सिलिंडर तुझ्या शेगडीवर संपला तर पुढचा तूच बुक कर, मावशींना वरचे पैसे हातात दे आणि आज रात्री झोपायच्या आत तो कुकर घास. आणि शिटी कुठे ठेवलीयस ते सांग, दोन दिवस भात पातेल्यात होतोय.