शेजारी शेजारी दोन ‘पी’ लागले की ते ‘पीपी’ होतं

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मामा, आल्टोवाल्या बायका इतकं हळू गातायत की ऐकूच येईना. मी पियानो लिहिलंय, पियानिसिमो नाही." (पियानो म्हणजे ‘पी’ ही हळू गायची खूण, पियानिसिमो म्हणजे ‘पीपी’, फार हळू.) इथं कोल्हापुरात त्यांच्या चर्चच्या क्वायरचं नाताळचं गाणं तिनंच म्यूजस्कोर या स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलंय, सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) आणि आल्टो (खालचा) एका स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या एकाच पट्टीवर. पीडीएफ मागवली, झूम केली, तर नवव्या बारवर (तालाच्या खणावर) दोन ‘पी’ एकमेकांना चिकटून बसलेले. बायकांनी ते ‘पीपी’ वाचलं, म्हणजे जे छापलंय तेच वाचलं, त्यांची काय चूक?

"कुणी सांगितलं गं असं करायला?" तर तिनं मेसेज पाठवला. क्वायर आणि बँडवाल्यांच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय म्हणे. त्यात लिहिलंय की एका स्टाफवर दोन व्हॉइस (दोन वेगळे आवाज) असले की प्रत्येक खूण दोघांना वेगवेगळी द्या, नाहीतर प्लेबॅकला, म्हणजे कॉम्प्युटरनं वाजवून दाखवताना, दुसरा व्हॉइस नीट वाजत नाही. मग डबल दिसणारी खूण ओढून पहिलीवर ठेवा, कुणाला कळत नाही. ते जमत नसेल तर दुसऱ्या व्हॉइसच्या सगळ्या खुणा डिलीट करा. आणि मोठे प्रकाशकही सगळं दोनदाच छापतात.

आधी ते "ओढून वर ठेवा" बघू, कारण सगळा घोळ तिथंच झालाय. सॉफ्टवेअर दोन खुणा एकमेकींवर येऊ देत नाही, दुसरीला ढकलतं. म्हणून पोरीनं ऑटोमॅटिक प्लेसमेंट बंद केलं आणि माऊसनं अंदाजे बसवलं. स्क्रीनवर एकच दिसतंय असं वाटलं, पण हातानं ओढलेलं कधी तंतोतंत बसत नाही, केसभर सरकलेलं असतंच, आणि नंतर तिनं पानात मावावं म्हणून स्टाफची साईज बदलली तर ते अजून हललं. साधी अक्षरं असती तर जाड दिसली असती एवढंच. पण डायनॅमिकमध्ये, म्हणजे आवाज किती मोठा-लहान ते सांगणाऱ्या खुणांमध्ये, एक पी म्हणजे हळू, दोन म्हणजे फार हळू, एक एफ म्हणजे मोठ्यानं आणि दोन म्हणजे अजून मोठ्यानं. खूण डबल झाली की अर्थच बदलतो! शेवटच्या ओळीत एफचं तसंच झालंय, तिथं बायका ओरडल्या असत्या. व्ही ही कळ दाबून दुसरी लपवली तरी धड नाही, उद्या दिसणारा पी बदलून एमएफ (मध्यम मोठ्यानं) केला की लपलेला पी फाईलमध्ये तसाच राहतो आणि प्लेबॅकला तो मधेच येतो.

आता "दुसरा व्हॉइस वाजत नाही" हे. म्यूजस्कोरपुरतं हे चूक आहे. तिथं डायनॅमिक नेहमीच्या सेटिंगला त्या वाद्याच्या सगळ्या व्हॉइसना लागू होतं, आणि 2024 च्या 4.4 या आवृत्तीपासून तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एखादं डायनॅमिक फक्त एकाच व्हॉइसला देता येतं. लिलीपाँड या स्वरलिपीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याचं अर्धं खरं आहे हे मानावं लागेल. तिथं मिडीसाठी (कॉम्प्युटरनं वाजवायच्या फाईलसाठी) डायनॅमिक व्हॉइसनिहाय धरलं जातं, त्यामुळं दोन्हीत लिहावं लागतं. पण मग दुसऱ्या व्हॉइसमधून डायनॅमिक एन्ग्रेव्हर (ती खूण छापणारा भाग) काढून टाकायचा, आवाज राहतो, छपाईतली खूण जाते. एका ओळीचं काम आहे, त्यासाठी ओढाओढी कशाला?

"सगळं डिलीट करा" तर त्याहून वाईट. अकराव्या बारमध्ये सोप्रानोला एक लांब सूर आहे आणि आल्टोला त्याच अक्षरावर दोन छोटे सूर, खालून स्लर (सूर जोडून गायची वक्र रेघ). तो स्लर काढला तर आल्टो दुसऱ्या सुरावर पुढचं अक्षर गाणार आणि तिथून ओळ संपेपर्यंत शब्द पुढं पळणार. डायनॅमिक दोघांचं एक असू शकतं, पण स्लर, टाय (तोच सूर लांबवणारी रेघ), ॲक्सेंट (जोर द्यायची खूण) ज्याच्या त्याच्या दांडीचे, म्हणजे सुराच्या उभ्या रेघेचे असतात, वरच्याचे वर आणि खालच्याचे खाली. हे दोन प्रकार एका पोत्यात भरले की असलेच सल्ले निघतात.

प्रकाशकांचं म्हणाल तर इलेन गूल्डचं ‘बिहाइंड बार्स’ हे स्वरलिपी लिहायच्या नियमांचं पुस्तक बघा, फेबर म्यूझिकनं 2011 ला काढलंय, नोटेशनवाले भांडण मिटवायला तेच उघडतात. दोन्ही भागांचं डायनॅमिक एकच असेल तर एकदाच, वेगळं असेल तर वरच्याचं वर आणि खालच्याचं खाली. गायकांसाठी एकच असेल तर ते स्टाफच्या वर, कारण खाली शब्द असतात. हां, जुन्या भजनांच्या पुस्तकांत फर्माटा (सूर धरून ठेवायची खूण) वर एक आणि खाली उलटा एक असा दोनदा दिसतो, तेवढं खरं. पण ते ठरवून केलेलं असतं, दोघांच्या दांड्या वेगळ्या म्हणून, आणि त्यानं अर्थ बदलत नाही.

भाचीची फाईल अर्ध्या तासात साफ झाली. आल्टोचे सगळे पी-एफ काढले, स्लर ठेवले, बाराव्या बारला आल्टो खरंच वेगळी आहे तिथलं एमएफ स्टाफखाली ठेवलं. आता राजारामपुरीतून नव्या चोवीस झेरॉक्स काढायच्यात. जुन्या टाकू नको म्हणून सांगितलंय तिला, बायकांनी त्यावर पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा केल्यात, त्या आधी नव्यावर उतरवून घ्यायच्यात.